सशाचं लंघन

सशाचे दात काढून आणले म्हणून आमची गल्ली आठ दिवस हसत होती. काढून नाही हो, घासून आणले, असं मी प्रत्येकीला सांगत राहिले, पण ऐकतंय कोण. परळीत घराच्या पुढच्याच खोलीत माझं मॅचिंग सेंटर आहे. अस्तर, फॉल, ब्लाऊजपीस. गिऱ्हाईक फॉल घ्यायला येणार, आधी आत डोकावणार, तोंडाला पदर लावणार आणि मग विचारणार, कवळी बसवली का हो सशाला? एकदा ठीक आहे. दहाव्यांदा तेच ऐकल्यावर डोक्यात तिडीक जाते. एकीला तर मी मुद्दाम दुसऱ्याच रंगाचं अस्तर बांधून देणार होते, पण धंद्यात असली बेइमानी माझ्याच्यानं होत नाही.

आणि हसणाऱ्या ह्याच बायांनी त्याचे दात बिघडवले होते. ससा धाकट्या मुलानं आणलेला. मुलगा नोकरीला पुण्याला गेला, ससा माझ्याकडं राहिला. काउंटरखाली बसायचा. रंगानं पांढरा, पण आमच्या गावच्या वीजकेंद्राच्या राखेत पांढरं काही पांढरं राहत नाही, तोही कायम मळकाच. येणारी प्रत्येक बाई त्याला काहीतरी घालून जायची. बिस्कीट, चपातीचा तुकडा, सोमवारी साबुदाण्याची खिचडी. मुक्या जीवाला घातलं की पुण्य लागतं, मग कोण मागं हटणार? मीही काउंटरवर बसून कौतुकानं बघत होते. माझा वाटा मी नाकारत नाही.

सशाचे दात जन्मभर वाढत राहतात आणि ते झिजायला त्यानं दिवसभर गवत चावत बसायला हवं, हे मला लातूरच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं तेव्हा कळलं. बिस्किटांवर पोसलेल्या त्याच्या दाढांना कडेनं काटे आले होते आणि ते जिभेत रुतत होते. मेथीचं पान तोंडात धरायचा आणि तसंच टाकून द्यायचा. हनुवटी लाळेनं ओली. तेव्हा गल्लीचं निदान काय, तर लाडावलाय. आमच्याकडच्या गुरांच्या डॉक्टरांनी मात्र सरळ सांगितलं, ताई, बैलाचे दात मी रोज बघतो, पण सशाच्या तोंडात जाईल असं हत्यार माझ्याकडं नाही. लातूरचा पत्ता त्यांनीच दिला. ह्या सगळ्या प्रकरणात न हसलेला माणूस तेवढा एकच.

लातूरला भूल देऊन दाढा घासल्या. बाई वयानं माझ्या मुलीएवढ्या, पण एक गोष्ट त्यांनी मला तीनदा बजावली. ह्याला उपाशी ठेवायचं नाही. माणसाचं पोट दोन दिवस रिकामं राहिलं तर चालतं, सशाचं आतडं थांबलं की ससा जातो. तोंड दुखतंय म्हणून तो आपल्या तोंडानं खाणार नाही, तोवर दर तीन तासांनी तुम्हीच भरवायचं. एकही पाळी चुकवायची नाही. लेंड्या पडतायत ना, तेवढं बघत राहायचं. घरी आल्याबरोबर मी ब्लाऊजपीसच्या खोक्याचा पुठ्ठा फाडला, त्यावर मोठ्या अक्षरात वेळा लिहिल्या आणि फ्रिजवर चिकटवला.

मग सुरू झालं माझं भरवणं. त्याचं खाणं कोमट पाण्यात भिजवून गंधासारखं वाटायचं, बिनसुईच्या सिरिंजमध्ये भरायचं, त्याला टॉवेलात घट्ट गुंडाळून मांडीवर घ्यायचं आणि ओठाच्या कडेनं थोडं थोडं आत सोडायचं. घाई केली तर ठसका लागतो. तो दर वेळी तोंड फिरवायचा, पुढच्या पायांनी सिरिंज ढकलायचा, माझी साडी त्या लगद्यानं बरबटायची. गिऱ्हाईक समोर उभं असलं तरी मी उठत नव्हते. थांबा म्हणायचे, नाहीतर पुढच्या दुकानात जा. आमचे हे म्हणाले, पोरांनासुद्धा असं भरवलं नव्हतंस. खरंच नव्हतं भरवलं. पोरांना भरवायला माझ्या जावा होत्या, आजी होती, सगळं घर होतं. ह्याला मी एकटी होते, आणि मला त्या जनावराचा लळा लागला होता, हे सांगायला मला कसली लाज?

आता मामांचं सांगायला हवं. मामा म्हणजे माझे सासरे. पंचाहत्तरी उलटलेली, साखरेचा आजार, जन्म किराणा दुकानात गेलेला, रोज वैजनाथाचं दर्शन, दर सोमवारी उपास. आणि साऱ्या दुखण्यांवर त्यांचं एकच औषध, लंघन. ताप आला, लंघन करा. पोट बिघडलं, लंघन करा. दाढ दुखली तरी एक दिवस काही खाऊ नका, पोटाला आराम द्या, शरीर आपोआप ताळ्यावर येतं. लग्नाच्या पहिल्याच वर्षी मला हिवताप आला होता, तेव्हा दीड दिवस ह्या घरात मला पेजसुद्धा मिळाली नव्हती. ते मी अजून विसरलेले नाही.

चौथ्या दिवशी सोमवार होता आणि अंबाजोगाईला माझ्या मावशीचा दहावा. सख्खी मावशी, न जाऊन चालण्यासारखं नव्हतं. आम्ही दोघं जाणार, घरी मामा एकटे. आदल्या दिवशी मी त्यांना समोर बसवून सगळं करून दाखवलं, सिरिंज त्यांच्या हातात दिली, पुठ्ठा वाचून घेतला. दहा वाजता, एक वाजता, चार वाजता. मामांनी मान हलवली. म्हणाले, तू निर्धास्त जा.

संध्याकाळी परत आलो तर ससा कोपऱ्यात पाठीला कुबड काढून बसलेला. डोळे अर्धे मिटलेले, दातावर दात घासल्याचा कर्रकर्र आवाज. पोटाला हात लावला तर फुगून टणक. सकाळी जाताना मी खाली स्वच्छ कागद अंथरला होता, तो जसाच्या तसा होता. एक लेंडी नाही. ओट्यावर वाटलेलं खाणं झाकून ठेवलेलं, वर साय धरलेली, सिरिंज कोरडी.

मामा पाटावर माळ ओढत बसले होते. मी विचारलं, भरवलं का नाही? ते अगदी शांतपणे म्हणाले, "तो तोंड फिरवत होता. मुकं जनावर हाय, त्याला बरुबर कळतं. आजारपणात खाणं सोडतंय, त्येच त्याचं औषध. म्या म्हनलं, आज त्याचंबी लंघन होऊ दे."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. अठ्ठावीस वर्षांत ह्या माणसासमोर मी आवाज चढवला नव्हता, डोक्यावरचा पदर ढळू दिला नव्हता. त्या दिवशी पदर कुठं होता देव जाणे. मी म्हणाले, "मामा, तुमी त्याला उपाशी मारलं. शिकलेल्या डॉक्टरीणबाईनं तीनदा सांगितलं, म्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवलं, अन् तुमाला अक्कल तिच्यापेक्षा जास्त." आमचे हे मधे पडायला आले, त्यांनाही मी सोडलं नाही. मामांची माळ तेवढी थांबली.

बाईंना फोन लावला. त्यांनी सांगितलेलं औषध दिलं, गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून त्याच्या अंगाशी ठेवली, पोट हलक्या हातानं चोळत राहिले. ती रात्र कशी काढली ते माझं मला माहीत. मंगळवारी सकाळीही कागद कोराच. दुपारी मुगाएवढ्या दोन लेंड्या पडल्या, कोरड्या आणि वाकड्यातिकड्या. बाई फोनवर म्हणाल्या, आतडं हललंय, आता भरवत राहा, पण तो आपणहून खाईपर्यंत काही खरं नाही. मी दुकानाचं शटर ओढून घेतलं आणि दर दोन तासांनी थोडं थोडं भरवत राहिले.

मामांशी मी बोलत नव्हते. स्वयंपाक केला, ताट वाढलं, ओट्यावर झाकून ठेवलं आणि पाठ फिरवली. ताट बरोबर रिकामं व्हायचं. नुसतं रिकामं नाही, घासून, पुसून, पालथं घातलेलं. ते बघून तर मी आणखीनच पेटले. इकडं जीव जातोय एकाचा, आणि मामांची भाजीभाकरी वेळेवर चाललीय. एक घास कमी नाही. मी आमच्या ह्यांना तसं बोलूनसुद्धा दाखवलं, मामांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात. मी म्हणाले, बघा, दुसऱ्याला लंघन सांगणारे कसे पोटभर जेवतात.

बुधवारी सकाळी दूधवाल्यानं आणून दिलेलं वाळकं गवत मी त्याच्यापुढं टाकलं, रोज टाकायचे तसं, काही आशा न ठेवता. ससा त्याकडं बराच वेळ बघत राहिला. मग एक काडी त्यानं तोंडात धरली. मला वाटलं, टाकणार. टाकली नाही. जबडा डावीउजवीकडं हलायला लागला आणि काडी इंचाइंचानं आत गेली. मग दुसरी. मी घरभर ओरडले, खातोय, आपल्या तोंडानं खातोय. आणि रडायलाच लागले.

आतून मामा आले. भिंतीला धरून आले. सशापुढं उकिडवं बसायला गेले ते धपकन खालीच बसले. तिसरी काडी आत जाईपर्यंत त्यांनी नजर हलवली नाही. मग म्हणाले, "आता मला बी दे भाकर."

मी म्हणाले, एवढ्या सकाळी? रात्री तर जेवलात.

"म्या कुटं जेवलो. गाय जेवली."

शेजारच्यांची गाय सकाळ-संध्याकाळ आमच्या दारात येऊन उभी राहते. सोमवारचा उपास त्यांनी सोडलाच नव्हता. सोमवार, मंगळवार, आज बुधवार. मी विचारलं, आणि साखरेची गोळी?

"ती घेतली की येळेवर. गोळी कावून चुकवायची?"

रिकाम्या पोटी साखर उतरवायची गोळी, तीही वेळेवर. मी अशी किंचाळले की ससा गवत सोडून टेबलाखाली पळाला. साखरेचं पाणी केलं, मामांच्या तोंडाला लावलं, दुसऱ्या हातानं फोन फिरवून ह्यांना बोलावलं, आणि तोंडाचा पट्टा चालूच. हे वय आहे का? कोणी सांगितला हा शहाणपणा? मेला असतात तर गल्लीनं मलाच बोल लावला असता. एक घोर काय कमी होता म्हणून दुसरा माझ्या जिवाला लावायला निघालात? घामानं त्यांचं कपाळ गार पडलं होतं. ते पाणी घोट घोट पीत होते आणि मी बोलतच होते.

पेला रिकामा झाल्यावर ते म्हणाले, "त्याला उपाशी म्या ठिवलं. त्यो खाईस्तोवर म्या कसं खाऊ?"

मग सांगायचं तरी होतं, मी म्हणाले. तोंड नव्हतं का?

"तू इचारलं असतंस तर सांगितलं असतं. दोन दिस तू 'जेवलात का' म्हनून इचारलंच न्हाईस."

ते काही तक्रारीच्या सुरात बोलले नाहीत. पेला बाजूला ठेवता ठेवता म्हणाले, इतकंच. सासूबाईंना जाऊन सहा वर्षं झाली. तेव्हापासून ह्या घरात त्यांना ते विचारणारी मी एकटीच, आणि दोन दिवस मी दर दोन तासांनी सशाला विचारत होते.

मी उठले आणि दुधात भाकरी कुस्करली. डोळ्यांतलं पाणी थांबत नव्हतं आणि संतापही जात नव्हता, त्यांच्यावरचा आणि माझ्यावरचा. पहिले चार घास मीच भरवले. त्यांनी तोंड फिरवलं नाही.

मामांशी माझं अजून वाजतं, आठवड्यातून एकदा तरी. लंघनावरून वाजतं, सशावरून वाजतं. पण आता कितीही डोकं फिरलेलं असलं तरी मी आधी जेवलात का म्हणून विचारते, ताटाशी बसून दोन घास खाताना बघते, आणि मग भांडायला घेते.