जेवणाचा बिगुल

जहाजावर मला कोणी नावानं हाक मारली नाही. सगळे ‘कोंबडा’ म्हणायचे. यात कोंबड्याचा अपमान होता; तो निदान एका दमात आरवतो. मी बिगुलवाला, आणि माझा तिसरा सूर हटकून फुटायचा. शिकवणाऱ्यांनी हात टेकले आणि मला आरमारातल्या सगळ्यांत छोट्या जहाजावर धाडलं. तिथं ऐकणारे कान कमी.

आमचं जहाज शत्रूनं समुद्रात पेरलेले सुरुंग काढायचं. मोठी जहाजं मागून दिमाखात येणार, आणि आम्ही पुढे वाट झाडत जाणार. युद्धभर झाडलोट केली. शेवटी जो सुरुंग आम्हाला सापडला नाही, त्याला आम्ही सापडलो.

भर दुपारी. खाली सगळे ताटल्या घेऊन बसले होते. बिगुल वाजल्याशिवाय वाढायचं नाही असा नियम, आणि बिगुल उघड्यावरच वाजवायचा हा दुसरा. म्हणून मी वर डेकवर. बॉयलरवाला रोज त्या वेळी वर यायचा, तोंड काळंकुट्ट करून, निव्वळ माझी टिंगल करायला. माझा फुटका सूर त्याला कापल्या बकऱ्याच्या ओरडण्यासारखा वाटायचा.

“हं कोंबड्या, काप तुझं बकरं.”

मी छाती भरून घेतली, बिगुल ओठांना लावला, आणि पुढच्या क्षणी आम्ही पाण्यात होतो. आम्ही दोघंच. वाईट वाजवणं ऐकायला आल्यामुळे जीव वाचलेला दुसरा रसिक मला माहीत नाही.

खालचे उपाशीच गेले. हाक माझ्या तोंडातच राहिली.

पुढे मी शाळेत घंटा बडवायची नोकरी केली. घंटेला ओठ लागत नाहीत, म्हणजे बढतीच. धक्क्यावर जहाजाच्या नावाचा दगड बसवला, तेव्हापासून दरवर्षी त्याच्यासमोर निरोपाची धून वाजवत आलो, फुटक्या सुरासकट. उपाशी माणसांना निरोप! यजमान म्हणून मी अगदीच टाकाऊ. एकदा तरी त्यांना जेवायला बोलवायचं होतं. पण टोप्या काढून उभ्या राहिलेल्या सभ्य माणसांपुढे धीर व्हायचा नाही.

यंदा दात गेले. कवळी आली. न्हाणीघरात दार लावून सराव केला, तर पहिल्याच फुंकरीला कवळी सुटून बिगुलाच्या तोंडावर आपटली. वाजली मात्र झकास.

“बाबा, शेजारच्या काकू विचारतायत, कोणाला बरं नाही का,” बाहेरून लेक म्हणाली.

“सांग त्यांना, बाबा रियाज करतायत.”

“तेच सांगितलं. त्या म्हणाल्या, तरी डॉक्टर बोलवा.”

कवळी काढली तर तळाचे दोन-तीन सूर निघायचे. निरोपाच्या धुनेला ते पुरत नाहीत. जेवणाच्या हाकेला पुरतात. हे कळलं तेव्हा मी न्हाणीघरात बराच वेळ उलट्या बादलीवर बसून राहिलो.

समारंभाच्या सकाळी समितीच्या चिटणीसांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. “आजोबा, यंदा तुम्ही नुसतं बसा. आम्ही रेकॉर्ड आणलीय. उत्तम वाजवलंय हो!”

“मग तो आमच्या जहाजावरचा नाही,” मी म्हणालो. ते हसले. म्हाताऱ्यांना विनोदी ठरवलं की काम सोपं होतं.

बॉयलरवाल्याला त्याच्या सुनेनं चाकांच्या खुर्चीतून आणलं होतं. हल्ली त्याला दिसत नाही, आणि माणसं आठवत नाहीत. मी हात धरला तर म्हणाला, “कोण? दूधवाले का?”

रेकॉर्ड लागली. एकही सूर फुटला नाही. सगळे माना खाली घालून उभे. बॉयलरवाला खुर्चीत चुळबुळ करू लागला.

“हा कोण?” तो मोठ्यानं म्हणाला. “आपला कुठंय? आपला कोंबडा कुठं मेला?”

सून म्हणाली, “मामंजी, हळू.”

रेकॉर्ड संपली. मी उठलो. कवळी काढून लेकीच्या हातात दिली. तिनं ती घेतली, तोंड वाकडं केलं, पण मुठीत घट्ट धरली. चिटणीस पुढे यायला निघाले, तशी ती त्यांच्या वाटेत उभी राहिली.

मी दगडाकडे तोंड केलं आणि जेवणाची हाक वाजवली. आखूड, गावंढळ हाक. ताटल्या आपटत धावत यावं अशी. तिसरा सूर फुटला. चिटणीसांना ती धून कोणती ते कळलं नसावं, कारण त्यांनी खाडकन सलाम ठोकला. मागोमाग सगळ्यांनी. वाढपाच्या बिगुलाला असा मान कुठं मिळाला नसेल.

बॉयलरवाला खो-खो हसला. “कापलं! कापलं बकरं!”

मग त्यानं मान वळवली, नेमकी मी होतो तिकडे.

“उशीर केलास रे,” तो म्हणाला. “निवलं असेल सगळं.”

मला काहीतरी सणसणीत उत्तर द्यायचं होतं. पण कवळी लेकीच्या मुठीत होती, आणि ती मूठ तिनं डोळ्यांवर धरली होती.