कौसा नावाडिणीला कुणी बुडवलं

यंदा २०२५ साल, आणि मला सत्त्याहत्तरावं लागलं आहे. माझी बहीण मालू माझ्याहून सहा वर्षांनी धाकटी. तिनं माझ्यावर लिहायचं, तर मी तिच्यावर लिहायला बसलो आहे... शिकलो पाचवीपर्यंत. सून तपासून देते, पण तिला सांगून ठेवलंय, वेलांट्या तुझ्या, वाक्यं माझी. एकही बदलायचं नाही. असं का म्हणतो ते पुढे कळेल.

मालू शेवटचं बोलली ती हॉस्पिटलात. नाकावरची नळी बाजूला सारून म्हणाली, "दादा, फोन बघ. माझी पाळी आली का?" मी म्हटलं, गप पडून राहा. "बघ तर." बघितलं. समोरच्यानं अजून लिहिलं नव्हतं. "मग थांबू," म्हणाली आणि डोळे मिटले. दुसऱ्या दिवशी दुपारी गेली. आज सव्वा महिना झाला.

ही पाळी कसली ते सांगतो, कारण झाशीतल्या आमच्या मोजक्या मराठी घरांतही ते कुणाला ठाऊक नव्हतं. फोनवर चौदा-पंधरा जणांचा एक गट होता. कुणी इंदूरचं, कुणी ग्वाल्हेरचं, कुणी बडोद्याचं. सगळे आमच्यासारखेच, घरात मराठी आणि दाराबाहेर दुसरंच काही बोलणारे. त्यांनी मिळून नदीकाठचं एक गाव रचलं होतं. चित्र नाही, आवाज नाही, नुसतं लिहायचं. प्रत्येकानं एक माणूस घ्यायचा, तो काय बोलला नि त्यानं काय केलं ते दोन-चार ओळींत लिहायचं आणि मग दुसऱ्याची वाट बघायची. मालू त्या गावची नावाडीण होती, कौसा. उतारूंना शिव्या देत पलीकडे नेणारी. घरातल्या मालूनं जन्मात कुणाला 'अरे' म्हटलं नव्हतं. मी हसायचो. म्हणालो, "सत्तरी आली आणि भातुकली खेळतेस?" ती म्हणाली, "भातुकलीत तू सगळे चुरमुरे एकटा खायचास. म्हणून तुला कुणी घ्यायचं नाही, आठवतं का?"

नोकरी तिनं टेलिफोन एक्स्चेंजात केली. ट्रंक कॉल जोडून द्यायची. लाइन जोडली की आपला कान काढून घ्यायचा, असा नियम. पाळणारे किती होते देव जाणे, मालू पाळायची. बबीन्याच्या फौजी जवानांचे फोन तिच्या हातून साताऱ्या-कोल्हापूरला जायचे. आई विचारायची, काय गं बोलतात ते बायकांशी? मालू म्हणायची, "मला काय माहीत." आईला वाटायचं, पोरगी लबाडी करते. ती लबाडी करत नव्हती. तिला खरंच माहीत नसायचं.

तीच सवय तिनं खेळात नेली. गावातला दरोडेखोर होता लाखन. तो लिहिणारा बडोद्याचा दातांचा डॉक्टर. एकदा बोलता बोलता त्यानं मालूला फोनवर सांगून टाकलं, उद्या लाखन चिंचेमागे दबा धरून बसणार. दुसऱ्या दिवशी बघतो तर कौसा भाकरीचं फडकं घेऊन सरळ त्याच चिंचेखाली जेवायला बसलेली. पायातले वाळे गेले. मी चिडलो. "तुला माहीत होतं ना गं?"

"मला होतं. कौसाला कुठं होतं?"

"अगं, पण दुसऱ्या झाडाखाली बसली असती तर कुणाला कळलं असतं?"

"मला कळलं असतं," म्हणाली आणि चहा ठेवायला उठली.

मला राहवेना. म्हटलं, मलाही घे. तिनं मला घाटाचा चौकीदार केलं, भैरू. पहिल्याच दिवशी एका बोटानं टिपत मी लिहिलं, भैरूनं लाठी हाणली आणि लाखनचे दोन्ही पाय मोडले. छाती फुगवून तिला दाखवलं. तिनं वाचलं आणि फोन माझ्या हातात परत दिला. "पुस ते. लाठी तुझी, पाय त्याचे." मी म्हटलं, लाठी बसल्यावर पाय मोडणारच. "बसली की नाही ते तो सांगेल. सरकला असेल बाजूला." मी ऐकेना. अर्धा तास भांडलो, चिरगावच्या बसमध्ये जागेवरून भांडतात तसे. शेवटी चरफडत लिहिलं, भैरूनं लाठी उगारली. आणि थांबलो. ते थांबणं... सायकलच्या दुकानात उभा जन्म गेला, पण एवढा वेळ मी गिऱ्हाइकाचीसुद्धा वाट पाहिली नव्हती. तासाभरानं डॉक्टरनं लिहिलं, लाठी लाखनच्या खांद्यावर बसली, तो गुडघ्यावर आला. त्याला बाजूला सरकता आलं असतं. त्यानं आपण होऊन मार घेतला. सीपरी बाजारात मी पुष्कळ भांडणं पाहिली, केली, जिंकलो. असा माणूस पाहिला नव्हता.

गटाचे नियम मालूनंच लिहून दिले होते. आपल्या माणसाचं आपण लिहावं. बाहेर कळलेलं आत वापरू नये. हळू लिहिणाऱ्यासाठी थांबावं. आणि ज्याचा माणूस त्याला विचारल्याशिवाय कुणाला मारू नये. सगळ्यांनी खाली हात जोडलेली चित्रं टाकली होती. हो ताई, बरोबर ताई.

मालू गेली त्या दिवशी मीच गटावर कळवलं. तेव्हा कौसाची होडी मध्यधारेत होती, नदीला पूर आणि होडीत लाखन. पुढचं लाखननं लिहायचं होतं. डॉक्टरनं एक अक्षर लिहिलं नाही. दहाव्याचं सगळं उरकून घरी आलो, तिचा फोन उघडला, आणि बघतो तर कौसा मेलेली. गटाचा मुखिया ग्वाल्हेरचा, त्यानं पानभर लिहिलेलं. होडी उलटली, कौसानं बुडता बुडता कुणाचं तरी तान्हं मूल काठावर दिलं आणि म्हणाली, मी या लाटांमध्ये तुम्हाला नेहमी भेटत राहीन. ते मूल आलं कुठून? होडीत दोनच माणसं होती. आणि कौसा असं बोलेल? ती म्हणाली असती, मेल्या, धर पोराला, बघत काय बसलास. खाली सगळ्यांची फुलं आणि दिवे.

मी मुखियाला फोन लावला. म्हटलं, कुणाला विचारून मारलीत?

"काकाजी, बुरा मत मानिए. श्रद्धांजली होती आमची. मी रडत रडत लिहिलं ते."

"रडत लिहिलं म्हणून दुसऱ्याचा माणूस मारता येतो का?"

"पण विचारणार कुणाला, काकाजी? ताईच नाहीत."

"मग मारायची नव्हती."

तो म्हणाला, "तुम्ही सख्खे भाऊ. ताईंचं खातं तुमच्याच हातात आहे. तुम्हाला पटत नसेल तर तुम्ही लिहा ना, वाचवा तिला."

मला अजून राग येतो. माणूस आहे तोवर त्याच्या नियमांना हात जोडायचे, आणि तो गेला की बाराव्याआधी त्याच्या तोंडात आपली वाक्यं कोंबायची. आजकाल हे सगळीकडेच चालतं. शोकसभेत उठून सांगतात, ते मला म्हणाले होते. काय म्हणाले होते? मेलेला माणूस नाही म्हणायला येत नाही, एवढाच तुमचा आधार. एक्स्चेंजात असं कुणी केलं असतं तर नोकरी गेली असती.

पण रागाच्या भरात मुखियाचं बोलणं मी उचललं. त्याच संध्याकाळी मालूच्या खात्यातून लिहिलं, कौसानं पाण्यात बुडी मारली, पूर कापत काठाला आली, लुगडं पिळलं आणि मुखियाला सात पिढ्यांच्या शिव्या दिल्या. शिव्या चांगल्या जमल्या होत्या. गटात आनंदीआनंद झाला. कौसा परत आली, कौसा परत आली. मी खूश होऊन चहा मागवला. तेवढ्यात डॉक्टरचा निरोप आला, गटावर नाही, मला एकट्याला.

"काका, हे तुम्ही लिहिलंत ना? सांगू का नको, असं झालं मला. कौसाला पोहता येत नव्हतं. नावाडीण असून. ताईंनी ते माझ्याशिवाय कुणाला सांगितलं नव्हतं, या पुरात बाहेर यायचं होतं. म्हणून मला विचारून लाखनला त्या होडीत घेतलं होतं त्यांनी."

मी ते तीनदा वाचलं. दोन वर्षं तिच्याशेजारी बसून तो खेळ पाहिला, लाठी तुझी पाय त्याचे हे घोकलं, आणि मला हे माहीत नव्हतं. मुखियानं तिला मारलं आणि मी तिला पोहायला लावलं. आमच्या दोघांत काय फरक? तो परका होता, एवढाच. सख्ख्या भावानं केलं म्हणून ते कमी होत नाही, उलट वाढतं. सुनेनं विचारलं, "बाबा, चहा गार झाला, काय झालं?" मी म्हटलं, काही नाही. माफी मागायची मला सवय नाही, हे तिला ठाऊक आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ करून बसलो. आधी मालूच्या खात्यातून लिहिलेलं माझं पुसलं आणि ते खातं बंद करून ठेवलं. मग माझ्या नावानं लिहिलं: काल कौसाचं मी लिहिलं होतं, तिचा भाऊ. चुकलो. पुसलं आहे. मुखियांनी त्यांचं पुसावं. होडी ताईनं सोडली तिथेच राहील, तिला कुणी हात लावायचा नाही. दहा मिनिटांनी ते लाटांचं पान गेलं. मुखियानं दुसरं काही लिहिलं नाही, तेवढं त्याचं मी मानतो. मग भैरूचं लिहायला घेतलं. भैरू घाटाच्या शेवटच्या पायरीवर आला. पाणी चढलेलं होतं. त्यानं तोंडाभोवती दोन्ही हात धरून कौसाला हाक मारली... एवढंच लिहिलं. तिला ऐकू गेली की नाही, ते लिहिलं नाही.