पडदाभर फुगे

गच्चीवरच्या बागेच्या आमच्या ऑनलाइन गटात एका मुलीने कुंडीत धरलेल्या पहिल्या वांग्याचा फोटो टाकला. खाली कुणीतरी तिच्याबद्दल घाणेरडं लिहिलं. गटाची राखण मी आणि आणखी काहीजणी करतो, हौसेने, फुकट. मी ते पुसायला गेले, तर फोनवर पडदाभर रंगीत फुगे उडाले. मध्ये, ज्या अ‍ॅपवर हा गट चालतो त्या कंपनीचा निरोप: ‘तुम्ही आमच्या कुटुंबातल्या आहात!’

शेजारी बसलेल्या सासूबाई डोकावल्या. “अगं, वाढदिवस कुणाचा?”

“कुणाचा नाही. कंपनीचं माझ्यावरचं प्रेम उतू चाललंय.”

घाण लिहिणारा माणूस दर वेळी एकच. आम्ही हाकलतो, तो नवं नाव घेऊन येतो. त्याला कायमचं अडवायची सोय द्या म्हणून कंपनीला सांगून सांगून आम्ही थकलो. ‘आपल्या भावना समजतो’, एवढंच उत्तर येतं. राबवून घ्यायचं असलं की माणूस घरचा होतो. किल्ली मागितली की परका.

फुगे निवांत वर चालले होते. ते बंद करायचं बटण मी शोधत राहिले. नव्हतंच.

फुगे विरले तेव्हा घाण दिसली नाही आणि वांगंही दिसलं नाही. आपला फोटो काढून घेऊन ती मुलगी गट सोडून गेली होती.