दादा खोल्या मोठ्या करायचा

प्रत्येक कामानंतर डब्याच्या तळाशी थोडा रंग उरतो. तेवढ्यात भिंत होत नाही, आणि फेकवतही नाही. मग डबे साठत जातात. आमच्या धंद्यातले किस्से असेच साठलेत.

दादाला जाऊन दोन महिने झाले. जळगाव रोडवर, कामावरून येताना, अपघातात. लोक बसायला येतात आणि एकेक किस्सा काढतात. रडत सुरू करतात, मध्येच हसतात, मग त्यांनाच कसंतरी होतं. मी म्हणतो, हसा.

आठवीत शाळा सोडली आणि मी दादाच्या हाताखाली लागलो. आमचं काम छोट्या घरांचं. रंग, आरसे, भिंतीतली कपाटं, दुमडणारे पलंग. दादाच्या भाषेत, खोली मोठी करायची. रंगाला सिल्लोडचे सलीमभाई. बस, आम्ही तिघंच.

आणि आमचं स्वतःचं घर? मागं स्वयंपाकघर, तिथं आई आणि मी. पुढं दहा बाय दहाची एक खोली. ती खोली दादा, वहिनी आणि त्यांची चार वर्षांची चकुली यांची. वहिनीचे मोठे भाऊ, गंगापूरचे अण्णा, तेराव्याला सरळच बोलले, "एवढ्याशा खोलीत माझी बहीण लेकराला घेऊन कशी राहणार? माझ्या घरी जागा हाय." पुढच्या महिन्यातल्या पहिल्या रविवारी न्यायला येतो म्हणाले. वहिनींनी चकुलीला मांडीवर ओढलं. मी उठून बाहेर गेलो आणि दादाच्या गाडीला लाथ मारली. गाडीचं काही झालं नाही, माझा अंगठा सुजला.

* * *

सिडकोतले एक सर. त्यांच्या साडूच्या हॉलला पीओपीचं सीलिंग होतं, म्हणून यांनाही पाहिजे. छत आधीच बुटकं. दादानं समजावलं, सर, छत खाली आलं की खोली बारकी दिसते. सर मोबाईलवर व्हिडिओ दाखवत बसले.

दादानं वाद घातला नाही. सरांना सोफ्यावर बसवलं, हातात चहा दिला आणि मला, सलीमभाईंना सांगितलं, प्लायची शीट धरा, जिथं सीलिंग येणार तिथं. आम्ही दोघं स्टुलांवर, डोक्यावर शीट. सर चहा पिताहेत. पाच मिनिटं, दहा मिनिटं. सरांची मान आपोआप खाली जायला लागली. शेवटी म्हणाले, "राहू द्या सीलिंग."

आम्ही शीट उतरवायला लागलो तर मॅडम आतून म्हणाल्या, "अजून थोडा वेळ धरा की. सकाळपासून पहिल्यांदा गप्प बसलेत."

* * *

आरशाचा किस्सा माझ्या चुकीचा आहे. औरंगपुऱ्यात दुकानावरची एक खोली. खिडकीसमोर मोठा आरसा लावला की खोली दुप्पट वाटते, हे दादाचं ठरलेलं. मला घाई. मी आरसा लावला तो खिडकीसमोर नाही, मोरीसमोर. सोफ्यावर बसलं की खरकट्या भांड्यांचा ढीग दिसायचा, अख्खा, डोळ्यासमोर.

आठ दिवसांनी घरमालकाचा फोन आला. पाहुणे येतात, लाज वाटते, आरसा हलवा. दादानं मला रस्ताभर झापलं. पोचलो तर त्यांची बायको दारात उभी.

"आरशाला हात लावायचा नाय. लग्नाला सहा वर्षं झाली, ह्यांना भांडी आत्ता दिसायला लागलीत. कालपासून घासतेत."

आरसा अजून तिथंच आहे.

* * *

फुलंब्रीचे एक आबा. जन्म शेतात गेला. मुलाला कंपनीत नोकरी लागली, म्हणून इकडं शहरात वन रूम किचनमध्ये आले. दादा म्हणाला भिंती आणि छत एकाच फिकट रंगाचं करू, कोपरे दिसत नाहीत, खोली मोकळी वाटते. मुलाला पटलं. आबा सलीमभाईंना बाजूला घेऊन म्हणाले, हिरवा मारा. गडद. ज्वारी पोटरीत असते तसा.

सलीमभाईंना हिरवा फार आवडतो. ते दादाला म्हणाले, "बुढे का दिल मत तोड."

दादानं डोकं खाजवलं आणि खोली फिकटच ठेवली. भिंतीतलं कपाट मात्र आतून सलीमभाईंना दिलं. त्यांनी एवढा गडद हिरवा मारला की दार उघडलं की डोळे गार व्हायचे.

महिन्याभरानं गेलो तर आबा खुर्ची टाकून कपाटासमोर बसलेले. कपाट सताड उघडं, आतल्या कपड्यांचा ढीग पलंगावर. सूनबाई वैतागलेली. आबा आम्हाला म्हणाले, "जरा रानात आलोय. बसा."

* * *

हाही किस्सा माझ्याच चुकीचा. बीड बायपासकडं नवं जोडपं, खोली नऊ बाय दहा. भिंतीत दुमडणारा पलंग करायचा होता. माप मी घेतलं. टेप गाडीत राहिला होता, खाली कोण जातंय, म्हणून वितीनं घेतलं. पलंग झाला झकास. फक्त तो खाली पाडला की खोलीचं दार उघडत नव्हतं.

आणि हे कळलं कधी, तर वरातीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी. सासूबाई चहा घेऊन बाहेर, आत जोडपं, पलंगाचा खटका अडकलेला. चाळीस मिनिटं दाराच्या फटीतून नुसत्या सूचना चालू. शेवटी दादा गेला आणि खिडकीतून हात घालून खटका काढला.

मला वाटलं आज मार बसणार. दादा नवरदेवाला म्हणाला, "कडीचे पैसे वेगळे घेतले नाहीत, बरं का."

पण घरी आल्यावर त्यानं मला टेप दिला आणि आमचीच खोली मोजायला लावली. लांबी, रुंदी, उंची, दाराचा पल्ला, खिडकीची चौकट. दहा वेळा. चकुली पलंगावर बसून मोजत होती. तिला सातपर्यंतच येत होतं, मग दादानं स्वतः पुन्हा एकपासून मोजलं, त्यामुळं मला सतरा वेळा मोजावं लागलं.

* * *

मग तो रविवार आला.

मी ठरवलं होतं. दादानं शंभर घरांत केलं, ते एकदा आपल्या घरात करायचं. अण्णांनी आत पाऊल टाकलं की त्यांना वाटलं पाहिजे, जागा आहे. आई, वहिनी आणि चकुली सकाळी बाजाराला गेल्या. मी सलीमभाईंना बोलावलं. लोखंडी पलंग, कपाट, पेटी, वहिनीचं शिलाई मशीन, सगळं उचलून समोरच्या शिंदेकाकूंच्या ओट्यावर नेलं. भिंती पुसल्या, फिकट रंगाचा एक हात मारला, पडदा काढला. खोली एवढी मोठी दिसायला लागली की सलीमभाई दारातच थांबले. म्हणाले, "देख बेटा, तेरे भाई का हाथ."

वहिनी आल्या. खोली बघितली, समोरचा ओटा बघितला आणि पिशवी घेऊन आत चहा ठेवायला गेल्या.

अण्णा आले. गल्लीच्या तोंडाशी छोटा टेम्पो लावून आले होते. उंबऱ्यात उभे राहिले. रिकाम्या खोलीत इकडून तिकडं नजर फिरवली, मग मागं वळून ओट्यावरचं सामान बघितलं. त्यांचे डोळे भरले. आईचा हात धरून म्हणाले, "मावशी, मी वाटभर इचार करीत होतो, तुमच्यापुढं इषय कसा काढावा. तुम्ही तर सगळं आधीच काढून ठेवलं."

आईनं माझ्याकडं बघितलं. सलीमभाई म्हणाले, "नहीं अण्णा, वो बात नहीं, हम तो कमरा..."

वहिनींनी अण्णांना पाणी दिलं, चहा दिला. त्यांचा पिऊन होईपर्यंत उभ्या राहिल्या. मग गल्ली ओलांडून ओट्यावर गेल्या आणि मशीनची एक बाजू धरली.

"अण्णा, तिकडून धरा जरा."

अण्णांनी धरलं आणि टेम्पोकडं निघाले. वहिनी आमच्या दाराकडं निघाल्या. मशीन गल्लीच्या मधोमध अडलं. एक स्कूटरवाला हॉर्न वाजवत थांबला. अण्णा बहिणीकडं बघत राहिले. ती घराकडं तोंड करून मशीन धरून उभी. मग अण्णा घराकडं फिरले.

मशीन आत आलं. पलंग आला. पेटी आली. मी धरायला पुढं झालो तर वहिनी म्हणाल्या, "भावजी, तुम्ही बसा. भिंत ओली हाय, चकुलीला धरा."

अण्णा घामानं निथळत पलंगावर टेकले आणि टोपीनं वारा घ्यायला लागले. वहिनींनी त्यांच्यापुढं पाण्याचा तांब्या ठेवला.

"कपाट राहिलंय," म्हणाल्या.