पाचटावर खडू उठत नाही

"सलवार वर घे. गुडघ्यापर्यंत," गुरुजी म्हणाले.

मी चौथीत होते. शाळेच्या व्हरांड्यात पोलिओचा बूथ लागलेला. एका टेबलावर लशीचा बर्फाचा डबा, शेजारी खुर्च्यांवर सरपंच आणि डॉक्टर. दुसऱ्या टेबलावर मी. शिपायानं काखेत धरून मला तिथं उभं केलेलं. समोर कडेवर लेकरं घेतलेल्या बाया.

मी सलवार वर घेतली. डावा पाय. पोटरी मनगटाएवढी.

गुरुजींच्या हातात माईक होता. "नीट बघा. हिच्या आईनं हिला डोस पाजला नाही. आईचा अडाणीपणा लेकराला जन्मभर भोगावा लागतो."

"काय वाळलाय गं पाय," एक बाई शेजारणीला म्हणाली. दुसरीनं रडणाऱ्या पोराला माझ्याकडं बोट करून दाखवलं. "तोंड उघड, न्हाईतर असाच हुशील." पोरानं घाबरून तोंड उघडलं. दोन थेंब गेले. डॉक्टर हसले. माझा पाय कामाला आला होता.

दुसरीपासून हे चाललेलं. आमचं गाव पाथर्डीकडचं, कोरडं. दिवाळी झाली की निम्मं गाव ऊसतोडीला जायचं. आईबाप टोळीत, मी आजीपाशी. पोलिओचा रविवार नेमका त्याच महिन्यांत यायचा. टेबलावर आपल्या नावानं काय बोललं जातं, हे आईला माहीतच नव्हतं. आजीनं तिला सांगितलं नाही. मीही नाही.

खरं सांगायचं तर मला गुरुजींचं पटलं होतं. शिकलेला माणूस माईकवर खोटं कशाला बोलेल? उन्हाळ्यात आई परत आली, पायाला तेल चोळायला बसली, तेव्हा मी म्हणाले, "तूच मला लंगडी केलीस. आता तेल कशाला लावती?"

तिचे हात थांबले नाहीत.

पाचवीच्या वर्षी हंगाम निम्मा झाला आणि आई घरी आली. मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढताना पाय घसरला, हात मोडला. पोलिओचा रविवार आला तेव्हा ती गावात होती. हात गळ्यात बांधून, माझ्या धाकट्या भावाला घेऊन बूथवर आली. मी टेबलावर. गुरुजींचं तेच भाषण. ती मागं उभी राहून सगळं ऐकत होती. मग पदर तोंडावर ओढला, भावाला डोस पाजून घेतला आणि गुपचूप निघून गेली.

घरी गेले तर ती चुलीपुढं बसलेली. माझ्याकडं न बघता बोलायला लागली.

"मी न्हाई म्हणलं न्हवतं गं. कारखान्याकडं हुतो आमी. तू दीड वर्साची. रविवारी बूथवर निघाले तर मुकादम म्हणला, आज गाडी भरायची हाय, उद्या त्या बाया घरोघर येत्यात. दुसऱ्या दिशी आल्या बी. बांधापतुर आल्या. मी कोयता टाकला, तुला घेऊन पळाले. त्यातली एक म्हणली, डोस दिला की दारावर खडूनं खूण करावी लागती, वरून साहेब तपासाया येतो. तुमची कोपी उसाच्या पाचटाची, तिला दार न्हाई, पाचटावर खडू उठत न्हाई. तुमच्या गावाला गेल्यावर घ्या. म्हणली आन् गेली."

"मग?"

"मग काय. गावाला जायच्या आतच तू तापली. तिसऱ्या सकाळी पाय उचलंना." तिनं मोकळ्या हातानं चुलीतलं लाकूड आत सारलं. "तिच्या हातातली बाटली हिसकून घ्यायला पायजे हुती मी."

आठ वर्षं ती हे मनात घेऊन जगली होती. तिच्या तोंडावर मी काय बोलले होते, तेही.

पुढची फेरी पाच-सहा आठवड्यांनी आली. शिपाई उचलायला आला. मी म्हणाले, हात लावू नको. मीच खुर्चीवर पाय देऊन चढले आणि गुरुजींच्या पुढ्यातला माईक ओढून घेतला.

"माझी आई अडाणी हाय. पर तिनं डोस नाकारला न्हाई. ती मला घेऊन पळत आली हुती. तुमच्या बायांनी पाजला न्हाई, कारण कोपीला दार न्हवतं."

गुरुजींनी माईक हिसकावला. "उतर खाली. आईसारखीच निघालीस."

"व्हय," मी म्हणाले.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. एक बाईही माझ्या बाजूनं बोलली नाही. गुरुजी वर्षभर माझी वही तपासायला घेत नव्हते. पण त्यानंतर मला कुणी बूथवर बोलावलं नाही.

मी बी.ए. झाले. आमच्या घरात माझ्याआधी कुणी दहावीपर्यंतही गेलेलं नव्हतं. आता कारखान्याच्या पट्ट्यातल्या एका आरोग्य केंद्रात कंत्राटी डेटा ऑपरेटर आहे. पोलिओच्या फेरीचा अहवाल मी भरते. त्यात ऊसतोड टोळ्यांतल्या लेकरांचा एक रकाना असतो.

मागच्या फेरीला केंद्रातले साहेब म्हणाले, "मॅडम, तिथं निरंक टाका. टोळी आज आहे, उद्या नाही. कोण शोधत बसणार?"

"कॅनॉलच्या कडेला चाळीस कोप्या आहेत, साहेब. मी येताना बघते."

"टाका निरंक. तुमचा करार मार्चमध्ये संपतोय, लक्षात आहे ना?"

आहे लक्षात. रकाना मोकळा सोडून मी उठले. तीनचाकी गाडी काढली, रजिस्टर घेतलं आणि कोप्यांवर गेले. एकेका बाईला विचारून पाच वर्षांखालच्या प्रत्येक लेकराचं नाव लिहिलं. एकवीस नावं झाली. बिननावाची तान्ही मुलगी होती, तिला आईच्या नावानं लिहिलं. यादी साहेबांच्या टेबलावर ठेवली, पोच म्हणून सही मागितली. सही मिळेपर्यंत तिथंच उभी राहिले. दुसऱ्या दिवशी बर्फाचा डबा कॅनॉलवर गेला.

पुढच्या फेरीला साहेब पुन्हा तेच सांगतील. करार राहील किंवा जाईल. जोवर त्या कॅनॉलला एक जरी कोपी आहे, तोवर माझ्या हातून त्या रकान्यात निरंक जाणार नाही.