पिचवरचा मोर

क्रिकेटचं पिच शेणाने सारवायचं नसतं, हे मला लग्नाच्या चौथ्या वर्षी कळलं. त्याआधी कोणी सांगितलंच नव्हतं!

माझं सासर नाकाडोंगरी आणि माहेर बपेरा. दोन्ही तुमसर तालुक्यातलीच गावं. खांद्यावर ट्रान्झिस्टर घेऊन कॉमेंट्री ऐकवत हिंडणाऱ्या माणसाला गावात पाटलापेक्षा जास्त मान होता, त्या काळातली ही गोष्ट. आमचे हे नाकाडोंगरीच्या टीमचे कप्तान. कप्तान कसे झाले? तर बॅट यांची होती! आणि माझा धाकटा भाऊ नामदेव बपेऱ्याचा फास्ट बॉलर. दिवाळी झाली की दोन्ही गावांची मॅच व्हायची आणि दर वर्षी हे माझ्या भावाच्याच हातून आउट होऊन यायचे. कधी पहिल्या बॉलवर, कधी दुसऱ्या. (तिसरा बॉल यांनी पाहिल्याचं मला तरी आठवत नाही.)

आता हे हरले तर माझं काय जात होतं? पण जात होतं ना! लग्नाच्या पहिल्याच वर्षी हरून आले आणि छपरीत उभे राहून, गुडघ्याला हळद लावता लावता यांनी शपथ घेतली.

“बपेऱ्याले हरवल्याबिगर मी बपेऱ्याच्या मंडईचं तोंड नाही पाहणार!”

मंडई म्हणजे आमच्या झाडीपट्टीतली दिवाळीनंतरची जत्रा. दुकानं, पाळणे, चौकात दंडारीचा नाच, आणि घरोघरी माहेरी आलेल्या लेकी. पण रीत अशी, की लेक मंडईला येणार ती जावयासोबत. जावई शपथ घेऊन घरी बसला, की लेकही बसली! अशा तीन मंडया मी घरात कांदे चिरत काढल्या. (रडण्याची सोय आपोआप होत होती.)

चौथ्या वर्षी यांनी कंबर कसली. आमच्या गावाबाहेर आखर आहे. सकाळी गावची गुरं चरायला निघण्याआधी जिथे गोळा होतात, ती जागा. तिथे आठ दिवस खपून, माती कुटून, पाणी मारून, दगडी रूळ फिरवून यांनी पिच तयार केलं. मॅचच्या आदल्या दिवशी नवा बॉल आणायला तुमसरला निघाले.

“मी सकाळच्या बसनं येतो. पिचकडे लक्ष ठेवजो. एक भेग दिसली नाही पाहिजे!”

“तुमी बिनघोर जा,” मी म्हटलं. “मले मंडईले जाचं आहे.”

सकाळी उठून आखरावर जाऊन पाहते तर काय! गुरं पिचवरून चालून गेलेली. हे खुरांचे खड्डे, ह्या भेगा, आणि मधोमध कोणत्या तरी म्हशीने मनसोक्त लोळून घेतलेलं. माझी मंडई माझ्या डोळ्यांसमोर वाहून गेली! तेवढ्यात थोरल्या जाऊबाई, कांताबाई, शेणाची पाटी घेऊन तिथे आल्या.

“काहून वो, डोक्याले हात लावून काहून बसली?”

“बाई, ह्या भेगा पाहा ना! आता हे आले म्हणजे मले फाडून खातीन.”

“एवढंच? खळ्याले भेगा पडल्या तं काय करतो आपण?”

काय करतो? सारवतो! धान चुरायच्या आधी दर वर्षी खळं सारवायचं, हे काय मला शिकवायचं होतं? आणि हे पिच म्हणजे तरी काय, लांबोळकं खळंच की! शेणाला आखरावर काय तोटा! आम्ही दोघींनी पदर खोचले आणि घंटाभरात अशी सारवण घातली, की वर पसरलेला दाणा डोळे मिटून गोळा करावा.

उठून पाहिलं तर आणखी एक घोळ. चुन्याच्या रेघा सारवणाखाली गेलेल्या! मग घरून रांगोळीचा डबा आणला. दोन्हीकडे स्टंपाची भोकं होती, त्यावरून अंदाजाने रेघा ओढल्या. पण नुसत्या दोन रेघा कशा भकास दिसत होत्या! दाराला तोरण नाही, तसं वाटत होतं. शिवाय पाहुणी टीम माझ्या माहेरची. म्हणून एका रेघेपुढे मी मोर काढला. मोर चांगला झाला, पण पिसारा काही मावेना. मग रेघच पुसली आणि हातभर मागे, स्टंपाकडे, पुन्हा ओढली. पिसारा झकास मावला!

हे बसमधून उतरले ते थेट आखरावर. पिच पाहिलं. बॉलची पुडी हातातून गळाली.

“हे... हे काय केलं?”

“एक भेग सापडते का पाहा!” मी कमरेवर हात ठेवून म्हटलं.

हे मोराकडे पाहत राहिले. मोरही यांच्याकडे पाहत राहिला.

तेवढ्यात बपेऱ्याचा ट्रॅक्टर आला. नामदेव उडी मारून उतरला आणि पिच पाहून पोट धरून खाली बसला.

“भाऊजी, मॅच खेलाची आहे का धान चुराचा आहे? सांगतले असते तं बैलं घेऊन आलो असतो गा!”

“नाम्या, दात काढू नको,” मी ओरडले. “तुमच्यासाठीच मोर काढला मी!”

अंपायर होते शाळेतले गुरुजी. त्यांनी पिचवर बोट लावलं, वास घेतला (न घेताही चाललं असतं) आणि निकाल दिला, “पिच ओलं आहे, पण दोघांनाही सारखंच ओलं आहे. खेळ सुरू!”

टॉस जिंकून बपेऱ्याने बॅटिंग घेतली आणि तिथेच ते फसले. आमच्या श्रावणने पहिला बॉल टाकला. बॉल टप्पा पडला आणि उठलाच नाही! ताटातल्या लाडवासारखा जागेवर बसला. दुसरा बॉल इतक्या सावकाश आला, की बॅट्समनची बॅट फिरून झाली, त्याने मागे वळून पाहिलं, आणि मग बॉलने येऊन स्टंप पाडला. माझा भाऊ सिक्सर मारायला पुढे धावला, तो सारवणावरून घसरत थेट मोराच्या पिसाऱ्यात बसला. किपरने आरामात स्टंप उडवला. बपेरा एकतीस रनांत गार!

“वहिनी, तुमच्या हाताले सोन्याचे गोट पाहिजे जी!” श्रावण म्हणाला. ह्यांनी तर चार लोकांत माझ्याकडे पाहून हसून दाखवलं. चार वर्षांत पहिल्यांदा! पुसला गेलेला पिसारा मी मधल्या सुट्टीत पुन्हा काढला. मनातल्या मनात लुगड्याची घडीही घातली. हिरवं नेसावं की जांभळं, एवढाच प्रश्न उरला होता.

पण तोवर सूर्य डोक्यावर आला होता. शेण वाळलं की काय होतं, हे मला माहीत होतं. रोजचंच ते! पण डोकं मंडईत असलं म्हणजे असल्या गोष्टी सुचत नाहीत. ते पिच वाळून असं टणक आणि गुळगुळीत झालं, की नामदेवचा बॉल टप्पा पडल्यावर दिसेनासाच व्हायचा. आमचे गडी एकामागून एक येत होते आणि जात होते. श्रावण तर जाताना “दिसला का गा तुले?” असं उलट किपरलाच विचारून गेला!

एका टोकाला हे मात्र टिकले. तिसरा बॉल पाहिला, चौथा पाहिला, अंगाखांद्यावर घेतले, पण हलले नाहीत. तीस रन झाले. शेवटची जोडी. एक रन म्हणजे बरोबरी, दोन म्हणजे मंडई! मी धुऱ्यावर, बाजूच्या शेताच्या बांधावर, उभी राहून कांताबाईंचा हात असा दाबला, की त्यांची बांगडी फुटली.

ह्यांनी बॉल ढकलला आणि धावले. समोरून नामदेवने बॉल उचलून फेकला. हे मोराच्या मानेवर पोचले, पिसाऱ्यावर पोचले, बॅट लांब करून आडवे पडले... आणि स्टंप उडाला!

गुरुजींनी वाकून पाहिलं. बॅटचं टोक रेघेपासून वीतभर अलीकडे. बोट वर!

“गुरुजी!” हे मोरावर पडल्यापडल्याच ओरडले. “रेघ मागं आहे जी! मोजून पाहा!”

गुरुजींनी बॅटने मोजलं. खरंच, रेघ हातभर मागे. तेव्हा मी गप्प राहिले असते तर काय बिघडलं असतं? पण मला वाटलं, आपण खरं सांगितलं म्हणजे नवरा वाचेल. मी धुऱ्यावरून धावत गेले.

“बरोबर आहे जी गुरुजी! रेघ मीच मागं घेतली! पिसारा मावत नोहता!”

गुरुजींनी एकदा मोराकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे.

“चुकलेली रेघ,” गुरुजी म्हणाले, “दोघांनाही सारखीच चुकलेली आहे. आउट!”

एका रनाने हरलो. हे उठले. पोटावर अख्खा मोर छापलेला! कोणी हसायची हिंमत करेना, पण नामदेवला कशाची भीती?

“भाऊजी, तुमी नका येऊ मंडईले. शपथ मोडू नका. पण ताईले आमी घेऊन जातो. आमच्याकून खेलली ते! जिकवणाऱ्याले सोडून जाता येते का?”

मी मॅच पाहायला आलेल्या सासूबाईंकडे पाहिलं. त्या कपाळाला हात लावून म्हणाल्या, “घेऊन जा रे बापा. इथं रायली तं हा पोरगा मले घर सारवू नाही द्याचा!”

अशी मी बपेऱ्याच्या टीमसोबत, ट्रॅक्टरवर बसून मंडईला गेले. तिथे दंडारीपेक्षा गर्दी मला पाहायला! “हेच का वो ते? नवऱ्याले आउट करणारी?” मी पदर तोंडावर ओढून घेतला. (पण जांभळं लुगडं दिसेल एवढाच.)

दुसऱ्या दिवशी पाहते तर माहेरच्या दारात सायकल, आणि सायकलवर हे!

“रांगोळीचा डबा विसरली होती तू,” खाली मान घालून म्हणाले.

शपथ मात्र मोडली नाही हो! तोंड पाहणार नाही म्हटलं होतं, म्हणून दिवसभर मंडईकडे पाठ करून बसले आणि मी आणून दिलेली गरम भजी खात अख्खी दंडार नुसती कानाने ऐकली.

आता टीव्हीवर मॅच लागते. सुरुवातीला एक साहेब पिचवर उकिडवा बसतो, भेगांत बोट घालतो आणि चिंता करतो. हे लगेच आवाज वाढवतात आणि माझ्याकडे पाहून म्हणतात, “शेण कमी पडलं.”

सारं घर हसतं. मीही हसते. पण खरं सांगू? एवढ्या भेगा पाहून माझा हात आजही पदर खोचायला जातो!