उम्म रगबचा डबा

इन्शिराहचे पाय त्या सकाळी एका जागी ठरेनात. गॅलरीतून स्वयंपाकघरात, तिथून सुनेच्या खाटेशी, पुन्हा गॅलरीत. खाटेवर रिहाब कंबर धरून कण्हत होती. सहावा महिना, अंग तव्यासारखं तापलेलं. पोरगा रगब मासेमारीच्या बोटीवर. जाताना म्हणाला होता, आई, हिला तुझ्या हवाली करून चाललोय.

आणि इन्शिराहच्या मुठीत चुरगळला होता बोक्याचा रिपोर्ट.

बंदरावरच्या अन्फूशीच्या बाजारात मासे साफ करण्यात तिची पस्तीस वर्षं गेली, पण इमारतीत उम्म रगब, म्हणजे रगबची आई, म्हणून तिचं नाव होतं ते डब्यामुळे. बिस्किटांचा गोल पत्र्याचा डबा, आत निरनिराळ्या गोळ्यांची अर्धी-मुर्धी पाकिटं. लघवीला आग सुटली की ती गॅलरीतून टोपली खाली सोडायची, औषधवाल्याला हाक घालायची, की पाकीट वर. चार गोळ्यांत आग विझली की उरलेल्या डब्यात. बरं वाटल्यावर खायच्या कशाला, उद्या कुणाला तरी लागतील, हा तिचा हिशोब. मग वरच्या मजल्यावरून उम्म फत्हीची टोपली तिच्या गॅलरीसमोर लोंबायची, त्यात दोन लाल गोळ्या पडायच्या. रिहाबलाही दोनदा दिल्या होत्या, पोट दिसायला लागल्यावर. आणि काफूरला, बाजारातून मागे-मागे आलेल्या त्या थोराड बोक्याला, लघवी तुंबली की सार्डिन माशाच्या डोक्यात कोंबून अर्धी-अर्धी.

तीन वेळा काफूर बरा झाला. चौथ्यांदा कपडे धुवायच्या घमेल्यात जाऊन बसला, बसूनच राहिला. उतरले ते रक्ताचे थेंब. जनावरांच्या डॉक्टरांनी पोटात सुई घालून लघवी काढली, तपासायला पाठवली. आज सकाळी कागद पुढे सरकवला. सोळा औषधांची नावं, चौदांपुढे 'चालत नाही'. उरलेल्या दोनांतलं एक त्यांनी बोक्याला टोचलं.

"काय चारलंत ह्याला?"

"मासे."

"अहो हाज्जा, मासे खाऊन जंतू एवढा निगरगट्ट होत नाही." मग त्यांनी समजावलं. औषध अर्ध्यात सोडलं की चिवट जंतू तेवढे उरतात, त्यांचीच पिलावळ वाढते. बोक्याचे माणसाला, माणसाचे बोक्याला, एका घरात फिरत राहतात. घरात आणखी कुणाला त्रास? छे, म्हणून ती उठली होती. घरी येऊन बघते तर रिहाब अशी.

"आई, डब्यातली एक द्या ना," रिहाब पुटपुटली. "मागच्या वेळी लगेच उतार पडला होता."

इन्शिराहचा हात झाकणावर गेला. झाकण उघडलं नाही. डबाच काखेत मारला आणि सुनेला टॅक्सीत घातलं.

दवाखान्यातली डॉक्टरीण तरुण होती, घाईत होती. आधी काही औषध घेतलंय का, तिनं विचारलं. रिहाबनं सासूकडे पाहिलं आणि मान हलवली, नाही. सासूची अब्रू राखली पोरीनं. डॉक्टरीण नेहमीचं इंजेक्शन लिहायला लागली. इन्शिराह खुर्चीवर बसली, उठली, दारापर्यंत गेली, परत आली. रगबला कळलं तर तो काय म्हणेल? आणि ह्या पोरीला काही झालं तर?

तिनं कागद टेबलावर ठेवला. "हा माझ्या बोक्याचा."

नर्स फिसकन हसली. डॉक्टरीणही म्हणाली, मावशी, मांजराच्या कागदावर मी बाईला औषध देत नसते. तेवढ्यात इन्शिराहनं डबा उपडा केला. पाकिटं टेबलभर पसरली, दोन जमिनीवर गेली. कुणी हसेना.

"हिनं यातली कुठली घेतली?"

"ही. आणि ही. दोनदा. तिनं मागितल्या नव्हत्या, मीच दिल्या. बोक्यालाही ह्याच."

डॉक्टरणीनं लिहिलेली ओळ खोडली. आधी लघवी तपासायला पाठवली, मग वेगळंच औषध सलाईनमधून सुरू केलं. हिचा स्वतःचा कागद तीन दिवसांनी येईल, म्हणाली, तोवर ताप बघत राहायचं. इन्शिराह ताप बघत राहिली. दर तासाला नर्सला विचारायची, बाळ हलतंय ना, शेवटी नर्स तिला पाहून तोंड फिरवायला लागली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ताप उतरला. तिसऱ्या दिवशी कागद आला, नेहमीच्या इंजेक्शनपुढे 'चालत नाही'. डॉक्टरणीनं तो सासूच्या हातात दिला.

चौथ्या दिवशी इन्शिराह कपडे न्यायला घरी आली, तर उम्म फत्हीची टोपली लोंबतच होती. "उम्म रगब, दोन लाल टाक गं, जीव चाललाय माझा."

इन्शिराहनं टोपलीत दवाखान्यातून आणलेली तपासणीची रिकामी बाटली ठेवली. "आधी यात मूत, मग डॉक्टरकडे जा."

"वेड लागलंय का तुला?" वरून आवाज आला. टोपली तशीच हलत राहिली. किती पाकिटं त्या टोपलीतून वर गेली असतील, इन्शिराहला आठवेना. इतक्यात काफूर घमेल्याकडे गेला, तशी ती सगळं टाकून त्याच्यामागे धावली, लघवी लाल आहे की पिवळी ते बघायला.